लाल मारायचा की पांढरा लपवायचा?

टेबलावर चार लाल उरले होते. तीन काळ्याच्या आसपास मोकळे, चौथा उजव्या हाताच्या कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अलीकडे. पांढरा मात्र थेट दुसऱ्या टोकाला, डीच्या मागच्या कुशनला जवळजवळ चिकटलेला. म्हणजे क्यूला बॉलचा फक्त वरचा भाग मिळणार, आणि मधे दहा फूट हिरवं कापड. भाचा बारा गुणांनी मागे होता. त्यानं टिपेला चॉक लावला, वाकला आणि तो लांबचा लाल मारला. गेला. मागोमाग काळा, मग उरलेले तीन लाल आणि त्यांच्याबरोबरचे रंग, पिवळा, हिरवा, तपकिरी. ३८ चा ब्रेक. समोरच्या पोरानं क्यू ठेवून दिला आणि टेबलाचं बिल आपल्या नावावर लावून घेतलं.

वाद साधारणपणे हरल्यावर होतात. हा जिंकल्यावर झाला, यवतमाळात दत्त चौकाकडून येणाऱ्या एका रस्त्यावरच्या पार्लरबाहेर, चहाच्या टपरीवर. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नागपूरला स्पर्धा खेळायला जाण्याच्या तयारीत आहे. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं नागपूर-अमरावतीकडे गेली आणि त्या वर्षांतल्या बऱ्याच संध्याकाळी क्लबच्या टेबलावर. मी दोघांचा शेजारी. दोघंही मला पंच म्हणून ओढतात आणि निकाल विरुद्ध गेला की माझं कोणी ऐकत नाही.

मामा : कावून मारला तो लाल?

भाचा : गेला ना पण, मामा.

मामा : गेला हे मले दिसलं. कावून मारला, हे विचारून रायलो.

भाचा : पॉकेटच्या तोंडाशी होता म्हणून.

मामा : लाल होता तोंडाशी. तुहा पांढरा कुठी होता? कुशनले चिकटून. एवढा क्यू उचलून मारा लागला तुले. केसभर इकडंतिकडं झालं असतं तं पांढरा काळ्यापाशी, तीन लाल मोकळे, अन् समोरचा पोट्टा टेबलाशी. मंग तू बस चॉक घासत.

भाचा : तुम्ही काय केलं असतं?

मामा : लालाले बारीक घासून, वरच्या कुशनवरून पांढरा परत खाली. तपकिरीच्या मागं जाऊन बसला असता तं त्याले घाम फुटला असता.

भाचा : आणि मीटर चालू राहिलं असतं.

हे मीटर समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. पार्लरमध्ये टेबलाचे पैसे बहुधा वेळावर असतात, आणि ते हरणाऱ्यानं द्यायचे हा पोरांचा आपसातला कायदा. म्हणजे तुम्ही एक सेफ्टी खेळलात, बॉल घालायच्या ऐवजी पांढरा लपवलात, समोरच्यानं उलट सेफ्टी खेळली, तुम्ही पुन्हा टेबलाभोवती फेरी मारून विचार केलात, की फ्रेम लांबली आणि कोणाच्या तरी खिशाला भोक पडलं. ते भोक आपल्याच खिशाला पडण्याची शक्यता निम्मी. त्यात बाकावर दोन पोरं आपल्या नंबरची वाट बघत बसलेली असतात. दोनदा सलग पांढरा लपवला की त्यांच्यातला एक तरी ‘भाऊ, मार ना!’ म्हणतोच. या आवाजात शिकलेला पोरगा लांबचा लाल मारणार नाही तर काय करणार?

मामा शिकले ते टेबल वेगळं होतं. महाराष्ट्रात बिलियर्ड्स-स्नूकर वाढलं ते जिमखाने, ऑफिसर्स क्लब, रेल्वे इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं अजिंक्यपद मिळवलं, १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा मिळवलं. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असं तीनदा. क्लबाच्या त्या जगात वर्गणी एकदा भरली की पुढचा तास मोजायला कोणी बसत नसे. मार्कर गुण लावायचा, वेळ नाही.

मामा : बिलियर्ड्समंदी तं एक डाव असा होता का समोरचा रडकुंडीले ये. त्याचा पांढरा पॉट करायचा, अन् लाल अन् आपला बॉल दोनी डीच्या रेषेमागं नेऊन ठेवायचे. आता त्याले हातातून खेळा लागते, अन् रेषेमागच्या बॉलले थेट मारता येत नाई. कुशन मारून ये म्हनावं!

भाचा : आणि हे बघायला लोक यायचे?

मामा : लोक कावून येतीन? आम्ही खेळाले जात होतो.

भाचा : मामा, स्नूकर जन्मलंच मुळात पैसे लावायच्या टेबलावर. जबलपूरला, १८७५ साली. ते नेव्हिल चेंबरलेन...

मामा : पंतप्रधान?

भाचा : नाही हो, पलटणीतला तरुण अधिकारी. पावसाळ्यात मेसमध्ये बसून पैसे लावून पिरॅमिड आणि ब्लॅक पूल खेळून राहिले होते हे लोक. त्यातच आणखी रंगीत बॉल टाकले आणि स्नूकर झालं. तेव्हा पैशांचा हिशोब टेबलावर नको, असं काही मला सांगू नका.

जबलपूर काही साता समुद्रापलीकडे नाही. नागपूरहून शिवनीमार्गे निघालं की एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर हा खेळ जन्मला, आणि आपल्याकडे अजून तो इंग्लंडहून आल्यासारखा वाटतो. पण भाच्याच्या युक्तिवादात एक फट होती आणि मामांनी ती बरोबर पकडली. पैसे लावून खेळणारा माणूस बिनधास्त खेळतो हे खरं नाही. ज्याचे स्वतःचे पैसे लागलेले असतात तोच जास्त जपून खेळतो. पार्लरमधला पैसा वेगळा आहे. तो डावावर लावलेला नसतो, वेळावर लावलेला असतो, आणि म्हणून तो जपून खेळणाऱ्यालाच दंड करतो.

भाचा : बरं, टीव्हीवरचं घ्या. २००५ ची विश्व स्पर्धा. रॉनी ओ’सुलिव्हन पीटर एब्डनविरुद्ध ८-२ नं पुढे. एब्डननं खेळ इतका संथ केला की १२ गुणांच्या एका ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त घेतली. त्याच ओ’सुलिव्हननं १९९७ मध्ये त्याच हॉलमध्ये साधारण तेवढ्याच वेळात १४७ मारले होते. पूर्ण टेबल! याला खेळ म्हणायचं की छळ?

मामा : जिंकलं कोन?

भाचा : ...एब्डन. १३-११.

मामा : मंग?

भाचा : म्हणूनच आता दहा मिनिटांच्या एकाच फ्रेमची स्पर्धा निघाली आहे. प्रत्येक शॉटला घड्याळ लावलेलं.

मामा : घड्याळ लावून खेळाचं असन तं तुहं पार्लर काय वाईट आहे?

इथं मी तोंड घातलं. म्हटलं, जिंकलं कोण यावरून शॉट बरोबर की चूक ठरवायचं असेल तर मामा, तुमचा मुद्दाच कोसळतो, कारण आज लाल गेला आणि भाचा जिंकला. मामा माझ्याकडे बघून हसले. हे मी विचारावं याचीच ते वाट बघत होते असं मला वाटलं.

मामा : १९८५ ची फायनल ठाव आहे? स्टीव्ह डेव्हिस अन् डेनिस टेलर. १७-१७. शेवटच्या फ्रेममंदी डेव्हिस ६२-४४ नं पुढं. टेबलावर फक्त तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. टेलरले चारी लागत होते. त्यानं तीन घातले. राहिला काळा. मध्यरात्र उलटून गेली, दोघं एका काळ्यावर घुटमळून रायले. शेवटी डेव्हिसले वरच्या पॉकेटमंदी बारीक कट भेटला. त्यानं मारला अन् चुकला. टेलरनं घातला. संपलं.

भाचा : म्हणजे डेव्हिसनं सेफ्टी खेळायला पाहिजे होती?

मामा : बिलकुल नाई! तो त्यानं माराचाच होता. तसे काळे तो झोपेत घाले. जगात एक नंबरचा सेफ्टीवाला, पन माराची वेळ आली तवा मारला. त्याचा विचार बरोबर होता, बॉल चुकला. तुहा बॉल बरोबर गेला, विचार चुकला.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. तो चिडला नव्हता. खिशातून त्यानं आदल्या दिवशीच्या बिलाचा कागद काढला, टपरीवाल्याचं पेन मागून घेतलं आणि कागद पालथा करून लिहू लागला. इंजिनिअरिंगचा पोरगा, शब्दात हरला की आकड्यावर येतो.

भाचा : विचार चुकला म्हणता ना? घ्या. असा लाल मी या टेबलावर दहातून सहा वेळा घालतो. गेला की सरासरी वीस गुण होतात असं धरू. चार वेळा चुकतो, आणि चुकला की समोरचा तीस करतो. सहा वीस एकशे वीस, चार तीस एकशे वीस. बरोबरी.

मामा : अन् सेफ्टी?

भाचा : दहातून सात वेळा नीट बसते. बसली की समोरचा अडकतो आणि पुढे कधीतरी मला दहा गुण मिळतात. सत्तर. तीन वेळा फसते, आणि फसली की त्याचे पुन्हा तीसच. नव्वद. वीसचा तोटा! सेफ्टी फसू शकते हे तुम्ही कोणी धरतच नाही, मामा. लाल चुकला की सगळ्यांना दिसतं. पांढरा वीतभर कमी पडला की म्हणता, ‘प्रयत्न चांगला होता.’

मला हा मुद्दा बिनतोड वाटला आणि अजूनही वाटतो. लांबचा पॉट चुकला तर धोका पत्करला म्हणून बोलणी बसतात. सेफ्टी चुकली तर नशीब म्हणून सोडून देतात. पण समोरच्यासाठी दोन्ही सारखंच. त्याला मोकळा लाल दिसतो, तो कुठल्या चुकीतून मिळाला हे तो विचारत नाही. जपून खेळणाऱ्याला ही एक सवलत आपण सगळेच देतो. तिच्यामुळे त्याच्या चुका कोणाच्या हिशोबात येत नाहीत, बहुधा त्याच्या स्वतःच्याही.

मामांनी कागद ओढून घेतला.

मामा : सात कावून? नऊ धर.

भाचा : या टेबलावर नऊ?

आणि इथं वादाची खरी गाठ सापडली. कारण प्रश्न टेबलाचाच आहे. त्या पार्लरचं टेबल मी जवळून बघितलंय. डीमधलं कापड इतकं घासलंय की दिव्याखाली चकाकतं. डाव्या लांब कुशनवर, मधल्या पॉकेटच्या पुढे साधारण हातभर पट्टा असा आहे की बॉल तिथं लागला तर टणक आवाज येत नाही, ‘थप्’ वाजतं आणि बॉल निम्मा वेग गमावून बाहेर येतो. पावसाळ्यात दार सतत उघडं, कापड दमट होतं आणि टेबल आणखी जड चालतं. मे महिन्यात, बाहेर पारा ४५ ला टेकलेला असतो तेव्हा तेच कापड वाळून बॉल भलत्याच वेगानं पळतो. मोठ्या स्पर्धांत पाटीखालून टेबल गरम ठेवतात, म्हणजे कापड कोरडं आणि वेग सारखा राहतो. इथं वेग यवतमाळचं हवामान ठरवतं. आणि कोपऱ्यातली पॉकेटं? वर्षानुवर्षं बॉल आदळून त्यांचे ओठ गोल झालेत. जरा बाजूला लागलेला बॉलही आत ओढला जातो.

आता बघा. पॉटला काय लागतं? कोन. आणि इथं कोन थोडा चुकला तरी पॉकेट सांभाळून घेतं. सेफ्टीला काय लागतं? वेग. पांढरा दोन कुशन घेऊन बारा फूट परत यायचा आणि तपकिरीच्या बरोबर मागे थांबायचा. मेलेल्या कुशनवर हा वेग कोण मोजणार? म्हणजे या एका टेबलावर धाडसाचा म्हणतात तो शॉट सोपा झालाय आणि जपून खेळायचा म्हणतात तोच जुगार झालाय. भाच्याला हे मोजून माहीत नव्हतं, पण हाताला माहीत होतं.

मामांनी ते कबूल केलं. त्यांच्या पद्धतीनं.

मामा : हाव, या टेबलावर तुहं खरं आहे. आता नागपूरच्या टेबलाचा हिशोब लिव. पॉकेट टाइट. तिथी तुहा हा लाल दहात चारदा जाईन. चार वीस ऐंशी. सहादा चुकशीन, सहा तीस एकशे ऐंशी. शंभरचा खड्डा. कुशन जिवंत, कापड नवं, सेफ्टी नऊदा बसन. नव्वद. एकदा फसन, तीस. साठ तुहे. आता सांग मले.

भाचा : माझी सेफ्टी तिथं नऊदा बसेल कशावरून? मी ती खेळलोच नाही कधी.

मामा : तेच तं म्हनून रायलो मी सकाळपासून!

सकाळपासून ते हे म्हणत नव्हते, पण ते असो. भाच्याच्या तोंडून आलेलं वाक्य मात्र मामांच्या सगळ्या भाषणापेक्षा जड होतं. जिथं सेफ्टीचा फायदा मिळत नाही तिथं ती कोणी शिकत नाही, आणि जिथं ती लागते तिथं शिकायला वेळ नसतो. लहान गावातला गुणी पोरगा मोठ्या टेबलावर गेल्यावर पहिल्या दिवशी जो हरतो, तो बहुतेक वेळा पॉटिंगमध्ये कमी पडून हरत नाही.

भाचा : एक तिसरा रस्ता आहे. शॉट टू नथिंग. लाल मारायचा, पण पांढरा अशा वेगानं पाठवायचा की गेला नाही तरी तो खाली डीजवळ परत येईल. गेला तर फायदा, नाही गेला तर समोरच्याला काही मिळत नाही.

मामा : हे बरं आहे तुम्हा पोट्ट्याचं! दोनी हातात लाडू.

भाचा : मामा, तुमच्या कळंबकडच्या वावरात मोठे मामा धूळपेरणी करतात की नाही? पावसाआधी, कोरड्यात कपाशी टोबतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरा दिवस पुढे. नाही आला तर बी गेलं, दुबार पेरणी. पण ते कुठल्या वावरात करतात?

मामा : विहिरीजवळच्या.

भाचा : माळावरच्या वावरात?

मामा : पागल आहे का बे? तिथी पाऊस पडल्याबिगर बी टाकत नाई.

भाचा : मग? विहिरीजवळ चुकलं तरी दोन पाणी देऊन जगवता येतं. शॉट टू नथिंग तोच आहे. धोका घ्यायचा, पण विहीर बघून.

मामांना हे आवडलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण मामा ते मामा.

मामा : बरोबर आहे. पन मोठे मामा बी टाकताना विहिरीकडं पाहत नाई. तिथी वाकून काम करते. तुहं काय होते, ते मी पाह्यलं आहे. क्यू मागं नेला तवा मनात लाल असते. क्यू पुढं येते तवा तुले आठवते का पांढरा परत आणाचा आहे. तिथी हात सैल पडते. मंग लालही नाई जात अन् पांढराही परत येत नाई. पह्यलेच ठरव, पांढरा कुठी थांबन. मंग वाकल्यावर फक्त लाल पाह्य.

यावर भाच्यानं काही उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत जगज्जेता झाला, त्याला शॉटच्या आधी बघा. उभा असताना सगळा विचार, टेबलाभोवती चक्कर, बॉलमागून बॉलकडे नजर. एकदा खाली वाकला की मग चेहऱ्यावर निर्णयाचं काही शिल्लक नसतं. दोन्ही खेळांतले थोर खेळाडू वाकल्यावर मत बदलायचं असेल तर परत उभे राहतात. पार्लरमध्ये कोणी परत उभं राहत नाही. मीटर.

चहाचे पैसे मामांनी दिले. टेबलाचे पैसे मात्र ते कधीच देत नाहीत, कारण ते खेळत नाहीत. गुडघे वाकत नाहीत म्हणतात. भाच्याचं मत आहे की मामा इथल्या टेबलावर हरण्याच्या भीतीनं खेळत नाहीत. मी या बाबतीत पंच व्हायला नकार दिलाय.

भाचा : मग नागपूरला पहिल्या फ्रेममध्ये काय करू, ते तरी सांगा. टेबल नवीन, सरावाला पाच मिनिटं मिळाली तर मिळाली.

मामा : पह्यल्या फ्रेममंदी, मारता येत असन तरी, तीन-चार सेफ्ट्या खेळ. लांब कुशन घेऊन, डाव्या बाजूनं एक, उजव्या बाजूनं एक. पांढरा कुठी थांबते, ते डोक्यात लिवून ठेव.

भाचा : आणि तेवढ्यात समोरच्यानं सत्तर मारले तर?

मामा : तं मारू दे. तिथी टेबलाचे पैसे तुले थोडेच देऊ लागते?